अँटवर्पचे एकोणिसावे स्थान

बेल्जियममधील अँटवर्प या बंदराच्या शहरी २२ ऑगस्ट १९२० रोजी जी मॅरेथॉन शर्यत झाली, तिच्या निकालपत्रकात एकोणिसाव्या स्थानी बेळगावच्या फडेप्पा दरेप्पा चौगुले यांचे नाव असून त्यापुढे २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद एवढी वेळ नोंदलेली आहे. ऑलिंपिकसाठी म्हणून या देशातून निवडून पाठविलेल्या पहिल्या संघातील हे धावपटू; आणि हिंदुस्थानच्या नावाने ऑलिंपिक मॅरेथॉन शेवटास नेणारे पहिले गृहस्थही तेच. आपल्याकडे या संघाचा उल्लेख होतो तो बहुधा सर दोराबजी टाटा यांच्या औदार्याची कथा सांगताना, आणि ते औदार्य इतके खरे आहे की त्याविषयी कुरकुर करण्याचे कोणास कारण नाही. परंतु दात्याचे चरित्र सविस्तर आणि धावणाऱ्याचे दोन वाक्यांत, अशी जी वाटणी होऊन बसली आहे, तिच्यामुळे त्या घटनेचा अर्थच थोडा तिरपा लागत आला आहे, असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटते. वाचकाची समजूत अशी होते की, लांब पल्ल्याची धाव ही एक विलायती विद्या होती, केंब्रिजला शिकलेल्या एका थोर पारशी गृहस्थाने ती या देशात आणली, आणि दख्खनच्या चार शेतकरी पोरांनी ती त्यांच्या कृपेने उचलली. वस्तुस्थिती याच्या जवळजवळ उलट आहे. पळणारे येथे होतेच. नव्हते ते घड्याळ, मोजलेला रस्ता आणि आगबोटीचे भाडे.

मराठी मुलखात पायी लांब पल्ला तोडणे हा एके काळी पोटापाण्याचा धंदा होता. पेशवाईतील पत्रव्यवहार चाळणाऱ्यास जासूदजोडी वारंवार भेटते. खलिता एकट्याच्या हाती न देता दोघांच्या हाती द्यावयाचा, म्हणजे वाटेत एकास काही अपाय झाला तरी दुसऱ्याने मजकूर पोहोचवावा, असा त्यामागे बहुधा हिशेब असावा. आणि घोडेस्वाराला जेथे घाट, चिखल किंवा शत्रूची चौकी आडवी येई, तेथे हा अनवाणी मनुष्य आडवाटेने निघून जाई. मोहिमेवरच्या सरदारास पुण्याचा हुकूम कळावयाचा, पुण्यास मोहिमेचा हालहवाल कळावयाचा, सावकारास हुंडीची बातमी कळावयाची, ती पुष्कळ अंशी या माणसांच्या पायांवर. पुढे कंपनी सरकारचा अंमल बसला आणि जासुदाच्या जागी टपालाचा हरकारा आला. तोही ठरीव टप्प्यापर्यंत थैली नेऊन दुसऱ्याच्या स्वाधीन करी आणि उलट टपाल घेऊन परते. आगगाडी व तारायंत्र यांनी या धंद्याचे महत्त्व उतरविले खरे, पण जेथे रूळ गेले नाहीत अशा डोंगराळ तालुक्यांतून तो नंतरही कितीतरी वर्षे चालू राहिला. ज्यांना सरकारी मुशाहिरा नव्हता असेही धावणारे होतेच. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापूरच्या अलीकडच्या उतारावर आली म्हणजे पंढरीच्या ओढीने सारे वारकरी एकदम पळत सुटतात. त्यात साठी ओलांडलेल्या म्हाताऱ्या असतात, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका असतात, आणि हे सारे आळंदीपासून इतके दिवस चालून आल्यावर. त्यांची वेळ मात्र कोणी नोंदवीत नाही.

हे पाय आणि विलायती घड्याळ यांची गाठ पुण्यास डेक्कन जिमखान्यावर पडली. १९०६ साली बाळकृष्ण नारायण भाजेकर आणि त्यांचे सहकारी यांनी ही संस्था स्थापिली. गोऱ्या साहेबांचे जिमखाने ठिकठिकाणी होते आणि त्यांची दारे एतद्देशीयांस सामान्यतः बंद असत. तेव्हा आपल्या लोकांसाठी आपले मैदान असावे, ही त्या काळच्या स्वाभिमानास साजेशी कल्पना होती. परंतु भाजेकरादी मंडळींचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी परकीय खेळ नाकारले नाहीत आणि देशी खेळ टाकलेही नाहीत. १९१४ साली खो-खोचे नियम लेखी बांधण्याचे काम याच जिमखान्यावर झाले, ही गोष्ट प्रस्तुत विषयाशी दूरची वाटली तरी दूरची नाही. ज्या खेळात खेडोपाडीची पोरे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मर्जीप्रमाणे पळत आली होती, त्याचे मैदान आखावयाचे, वेळ ठरवावयाची, गुण मोजावयाचे, असा जो संस्थेचा स्वभाव बनला होता, त्याच स्वभावास अनुसरून तिने पुढे धावण्याच्या शर्यती भरविल्या.

या शर्यतींच्या वेळी संस्थेचे अध्यक्षपद दोराबजी टाटांकडे होते. जमशेटजींचे हे थोरले चिरंजीव, जन्म १८५९ चा. केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात शिकत असता त्यांना मैदानी खेळांची जी गोडी लागली ती आयुष्यभर टिकली, आणि परत आल्यावर मुंबईच्या शाळाशाळांतून क्रिकेटचे व धावण्याउड्यांचे सामने भरविण्याची खटपट त्यांनी तरुणपणीच केली होती. पुण्यात मात्र त्यांना जे दिसले ते मुंबईच्या शाळांत दिसण्यासारखे नव्हते. १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांस लिहिलेल्या पत्रात दोराबजींनी हा सर्व वृत्तांत स्वतःच दिलेला आहे. स्पर्धक बहुतेक शेतावर राबणारे, जाडेभरडे खाणारे. युरोपीय नियमांचा किंवा पद्धतशीर तालमीचा त्यांना गंध नव्हता. पायांत काही न घालता ते खडीच्या कठीण सडकेवरून लांबच लांब धावले. आणि त्यांच्या वेळा ताडून पाहता युरोपातील नामांकित धावपटूंच्या वेळांशी त्या अगदीच विसंगत नव्हत्या, असा त्या पत्राचा आशय आहे.

हे १९१९ साली घडत होते, तेही लक्षात घेतले पाहिजे. १९१८ च्या पावसाने दख्खनला दगा दिला होता; त्याच वर्षीच्या इन्फ्लुएन्झाने एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे नेली, आणि त्यांत तरण्याताठ्यांचे प्रमाण मोठे होते. महायुद्धाने धान्य व कापड महाग करून ठेवले होते. १९१९ चा एप्रिल जालियनवाला बागेचा. अशा दुष्काळातून, साथीतून व महागाईतून जी पोरे उरली होती, ती पुण्याच्या सडकेवर पळत होती, आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या धनाढ्य पारशी गृहस्थास त्यांच्या पोषणाची दैन्यावस्था पत्रात नमूद करावीशी वाटली. दोराबजींच्या दृष्टीचे खरे श्रेय मला येथे दिसते. पैसे पुष्कळांनी दिले असते; पण अर्धपोटी, अनवाणी माणसाची धाव पाहून तिची तुलना युरोपातील आकड्यांशी करण्याचे ज्यास सुचले, तो मनुष्य निराळाच.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड हे या शर्यतींच्या समारंभास प्रमुख पाहुणे म्हणून आले होते. सिंधमधील सक्करच्या बंधाऱ्यास आणि आपल्या भाटघरच्या धरणास ज्यांचे नाव दिले गेले आणि ज्यांच्या कारकिर्दीत महात्मा गांधींस सहा वर्षांची शिक्षा झाली, तेच हे लॉइड. हिंदुस्थानातून ऑलिंपिकला माणसे पाठवावी ही तजवीज दोराबजींनी त्यांच्यापुढे मांडली आणि तिला त्यांनी मनःपूर्वक पाठिंबा दिला. इंडिया ऑफिसमार्फत लिखापढी होऊन देशास स्वतंत्र प्रवेशाची मंजुरी मिळाली, आणि दोराबजी स्वतः आंतरराष्ट्रीय समितीचे सभासद झाले. ज्या सरकारविरुद्ध १९२० साली देशात असहकाराची हाक उठत होती, त्याच सरकारच्या दप्तरातून देशाच्या नावाने पहिला संघ रवाना होण्याचा परवाना निघाला. इतिहासाला असल्या विसंगतींचे वावडे कधीच नसते. खर्चाची तरतूद थोडी सरकारी तिजोरीतून झाली, थोडी लोकवर्गणीतून झाली, आणि तूट राहिली ती दोराबजींनी स्वतःच्या पैशाने भरून काढली.

आयोजकांचे ज्ञान कितपत होते याविषयी एक गमतीदार हकिकत सांगितली जाते. शंभर मीटर धावण्यास पात्रतेसाठी किती वेळ लागावा, असे जिमखान्याच्या एका प्रमुख सभासदास विचारले असता, मिनिट-दोन मिनिटे लागत असतील, असे उत्तर त्यांनी दिले. येथे मिनिटांचा नव्हे तर सेकंदाच्या दशांशाचा हिशेब असतो हे ऐकून ते थक्क झाले. हसू येते, पण त्यात त्या गृहस्थाचा दोष फारसा नाही. खेड्यातल्या जत्रेत कोण पहिला आला एवढेच पाहतात. किती वेळात आला हे विचारण्याची चाल आपल्याकडे नव्हती, आणि जी गोष्ट कोणी विचारीत नाही ती कोणास ठाऊकही नसते.

पुण्यास निवडचाचणी झाली आणि चार धावपटू व दोन मल्ल निश्चित झाले. बंगालचे पुर्मा बॅनर्जी हे कमी पल्ल्याचे. लांब पल्ल्यासाठी चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी. कुस्तीसाठी रणधीर शिंदे आणि कुमार नवले. सोहराब भूत आणि डॉ. फैझी हे व्यवस्थापक म्हणून बरोबर गेले. बॅनर्जी सोडले तर हा संघ म्हणजे मुंबई इलाख्याच्या घाटमाथ्याचाच संघ होता, असे म्हणावयास हरकत नाही. चौगुले ज्या बेळगावचे, ते गाव तेव्हा इलाख्याच्या दक्षिण भागातले जिल्ह्याचे ठिकाण. कानडी आणि मराठी या दोन्ही भाषा जेथे एकाच अंगणात बोलल्या जातात, कुस्तीचे फड जेथे गावोगाव पडतात, आणि लष्करी छावणीमुळे कवायत, शर्यत, बक्षीस या गोष्टी जेथील लोकांच्या नित्य पाहण्यातल्या. चार वर्षांपूर्वीच, १९१६ च्या एप्रिलमध्ये, लोकमान्यांच्या होमरूल लीगची स्थापना याच बेळगावात झाली होती. चौगुले त्या वेळी चौदा-पंधरा वर्षांचे असतील. कारण अँटवर्पच्या रस्त्यावर ते उभे राहिले तेव्हा विशीच्याही आतच होते. मॅरेथॉनसारख्या शर्यतीस हे वय फारच कोवळे. ज्याला या पल्ल्याचे मर्म कळते असा कोणताही शिक्षक आज एवढ्या वयाच्या मुलास त्यात उतरवताना दहादा विचार करील.

पल्लाही साधा नव्हता. आज मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर म्हणून सर्वत्र पाठ आहे. पण ते अंतर लंडनच्या १९०८ च्या ऑलिंपिकात विंडसरच्या राजवाड्यापासून मोजल्यामुळे प्रथम आले, आणि कायमचे म्हणून ठरले ते १९२१ मध्ये. मधल्या काळात यजमान शहर आपल्या सोयीने रस्ता आखी. स्टॉकहोमने १९१२ साली ४०.२ किलोमीटर धावविले, आणि अँटवर्पने ४२.७५, ऑलिंपिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. मी चारकोपास राहतो, म्हणून हे अंतर माझ्यापुरते असे मांडून पाहिले: कांदिवली स्थानकाच्या पश्चिमेस खाडीच्या अंगाला वसलेल्या या वस्तीतून निघावे, अंधेरी, वांद्रे, दादर मागे टाकीत चर्चगेट गाठावे, आणि तेथे न थांबता उलटे फिरून पुन्हा दादरपर्यंत यावे, म्हणजे जवळपास तेवढा पल्ला होतो. लोकलच्या दारात उभा राहून नित्य हा प्रवास करणाऱ्या माणसास तो गाडीतसुद्धा संपता संपत नाही.

अँटवर्पचे ऑलिंपिक हीही एका परीने दुखणाईताने भरविलेली जत्राच होती. युद्ध संपून दोन वर्षेही झाली नव्हती. बेल्जियम चार वर्षे जर्मनांच्या टाचेखाली भरडून निघाले होते, आणि जर्मनी, ऑस्ट्रिया आदी पराभूत राष्ट्रांना आमंत्रणच नव्हते. १४ ऑगस्टला उद्घाटन झाले. पाच कड्यांचा ध्वज ऑलिंपिकात तेथे प्रथम फडकला, आणि खेळाडूंनी शपथ घेण्याची चालही तेथूनच पडली. व्हिक्टर ब्वां या बेल्जियन खेळाडूने ती प्रथम उच्चारली. हिंदुस्थानच्या छोट्या तुकडीपुढे ध्वज घेऊन बॅनर्जी चालले. दोन आठवडेही उलटले नव्हते, १ ऑगस्टला मुंबईस सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे देहावसान झाले होते, आणि चौपाटीवर जो जनसागर लोटला त्याचे वर्णन महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. ज्या लोकांतून हे धावपटू आणि मल्ल निघाले, ते सारे त्या दिवसांत सुतकात होते.

२२ तारखेस हवा थंड होती आणि पाऊस होता. अठ्ठेचाळीस जण सुटले. यजमान बेल्जियमचा ओगुस्त ब्रूस प्रारंभी पुढे होता. मग दक्षिण आफ्रिकेचा ख्रिश्चन गिट्शम आणि फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन हे दोघे बरोबरीने निघाले. कोलेहमाइनेन याची ओळख अवश्य करून दिली पाहिजे, कारण चौगुल्यांच्या एकोणिसाव्या स्थानाचे मोल ज्याच्या मापाने ठरावयाचे तो हा पुरुष. १९१२ साली स्टॉकहोमला पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि क्रॉस-कंट्री अशी तीन सुवर्णपदके त्याने एकट्याने नेली होती. नंतर तो अमेरिकेस गेला आणि तेथे विटा रचण्याचे काम करून पोट भरीत होता. म्हणजे हाही श्रमजीवीच. अंतर एवढेच की त्याच्या पाठीशी एक अख्खी धावण्याची परंपरा, प्रशिक्षक, आणि शर्यतींचा दीर्घ अनुभव होता. अर्धे अंतर ओलांडल्यावर काही वेळाने त्याने गिट्शमला मागे टाकले. गिट्शमचा पाय पुढे साथ देईना आणि शेवटी त्याला रस्ता सोडावा लागला. एस्टोनियाचा युरी लोसमान मागून एवढा जवळ आला की शेवटी दोघांत तेरा सेकंदांचेही अंतर उरले नव्हते. २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांनी कोलेहमाइनेन जिंकला. तिसरा आलेला इटलीचा व्हालेरिओ आर्री याने रेषा ओलांडल्यावर आनंदाने तीन कोलांट्या मारल्या. एवढे अंतर धावून झाल्यावर अंगात कोलांट्या शिल्लक राहणे हा पराक्रम पदकाहून कमी नव्हे.

दातार वाटेतच थांबले. अठ्ठेचाळिसांपैकी पस्तीस जणांनी शर्यत पूर्ण केली, चौगुले एकोणिसावे. विजेत्यापेक्षा त्यांना अठरा मिनिटे अधिक लागली. आता हिशेब करून पाहावा: ४२.७५ किलोमीटर २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला चार मिनिटांहून किंचित कमी. याच गतीने आजचे प्रमाण अंतर २ तास ४८ मिनिटे आणि काही सेकंदांत कापले जाईल. आज जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईच्या रस्त्यांवर जे हजारो लोक पूर्ण मॅरेथॉनला उतरतात, त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या हाती ही वेळ लागते, आणि त्यांच्या पायांत शास्त्रशुद्ध बूट असतात, मनगटावर नाडी मोजणारे यंत्र असते, कोपऱ्याकोपऱ्यावर पाणी आणि मीठसाखर घेऊन स्वयंसेवक उभे असतात. परक्या हवेत, परक्या अन्नावर, विशीच्या आतल्या मुलाने, जगातील निवडक माणसांच्या मध्यभागी ती काढली. दहा हजार मीटरमध्येही चौगुल्यांचे नाव होते, पण तेथे अंतिम फेरी हाती लागली नाही. तो खेळ ठरीव फेऱ्यांचा आणि डावपेचांचा, आणि त्यात त्या वर्षी पावो नुर्मी हा दुसरा फिनलंडवासी जगापुढे प्रथम प्रकट होत होता. सडकेवरची लांब धाव हीच या मंडळींच्या हाडात मुरलेली होती.

या संघातील दुसरी मोठी कामगिरी कुस्तीतली. रणधीर शिंदे फेदरवेट गटात चौथे आले. कांस्यपदकाची लढत त्यांनी गमावली. ती जिंकली असती तर खाशाबा जाधवांच्या आधी बत्तीस वर्षे महाराष्ट्राच्या घरी ऑलिंपिक पदक आले असते. पण पदक नाही म्हणून चौथाही विसरला गेला आणि एकोणिसावाही.

दोराबजी मात्र थांबले नाहीत. मद्रासच्या वाय. एम. सी. ए.चे हॅरी बक आणि डॉ. नोरेन यांच्या साह्याने प्रांतोप्रांती ऑलिंपिक संघटना उभ्या राहिल्या, १९२४ च्या पॅरिससाठी अखिल भारतीय स्पर्धेतून संघ निवडला गेला, आणि १९२७ मध्ये इंडियन ऑलिंपिक असोसिएशन स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष दोराबजीच होते. पण एक गोष्ट चमत्कारिक झाली. संघटना वाढली, नियम आले, घड्याळे आली, आणि ज्या लांब पल्ल्याच्या धावेने दोराबजींस हे सारे सुचविले, ती धावच देशाच्या क्रीडाव्यवस्थेत मागे पडली. १९२८ पासून हॉकीने सुवर्णपदके आणली आणि सर्वांचे लक्ष तिकडे गेले, हे स्वाभाविक होते. हेलसिंकीला १९५२ साली सुरत सिंग माथुर यांनी स्वतंत्र भारताच्या वतीने ऑलिंपिक मॅरेथॉन पूर्ण केली, त्यांना २ तास ५८ मिनिटे ९ सेकंद लागले. म्हणजे बत्तीस वर्षांनंतरही, अंतर अर्ध्या किलोमीटरहून अधिक कमी असता, चौगुल्यांची वेळ गाठली गेली नव्हती. त्याच हेलसिंकीच्या स्टेडियममध्ये ऑलिंपिकची ज्योत पेटविण्याचा मान म्हाताऱ्या कोलेहमाइनेनला देण्यात आला होता, आणि त्याच ऑलिंपिकात खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते, ही हकिकत सर्वश्रुत आहे. दोराबजींच्या वेळची खर्चाची अडचण गणराज्यातही तशीच राहिली होती. फक्त टाटांच्या जागी एक मास्तर आले होते. मॅरेथॉनमध्ये देशाला खरी उंची दिली ती शिवनाथ सिंगांनी: १९७६ ला माँट्रियलमध्ये अकरावे स्थान, आणि १९७८ ला जालंधरला २ तास १२ मिनिटे, हा राष्ट्रीय विक्रम, जो पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ कोणास मोडता आला नाही.

महाराष्ट्रात लांब पल्ल्याचे धावपटू पुन्हा पुढे आले ते एकविसाव्या शतकात, आणि आले ते मुंबई-पुण्याच्या मैदानांवरून नव्हे. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक घेतले, आणि त्याच वर्षी ग्वांगजौच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. राष्ट्रकुलात धावपट्टीवर वैयक्तिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ ला रिओमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या, पी. टी. उषांच्या १९८४ च्या शर्यतीनंतर ऑलिंपिकच्या धावपट्टीवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय स्त्री म्हणजे याच. माण हा दुष्काळी तालुका, आणि स्टीपलचेसचे धावपटू अविनाश साबळे यांचे मांडवा गाव ज्या आष्टी तालुक्यात आहे तोही बीड जिल्ह्यातला दुष्काळीच. १९१९ मध्ये दोराबजींनी ज्या प्रकारच्या मुलखातून आलेली पोरे पाहिली, त्याच प्रकारच्या मुलखातून ही पिढी आलेली आहे. दारिद्र्याने माणूस वेगवान होतो असला भाबडा सिद्धांत मला मांडावयाचा नाही. तसे असते तर आमचा देश सर्व पदके घेऊन बसला असता. शाळा, विहीर, बाजार ही जेथे एकमेकांपासून कोसाकोसावर असतात, तेथे लहानपणीच पायांना पल्ला माहीत होतो, एवढेच.

बदलले असेल तर आश्रयाचे स्वरूप. चौगुल्यांच्या वेळी धावपटूस जाण्यायेण्याचे भाडे मिळे आणि परतल्यावर त्याचा संबंध संपे. आता त्याला नोकरी मिळते. कविता राऊत तेल व नैसर्गिक वायू महामंडळात लागल्या, ललिता बाबर आधी रेल्वेत आणि मग राज्याच्या महसूल खात्यात, साबळे लष्करात. आमच्या चारकोपातही हेच चित्र लहान प्रमाणात दिसते. ही वस्ती १९८५ नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने भूखंड पाडून वसविली. लहान लहान भूखंड, मध्ये सामाईक अंगण, आणि सेक्टरांना छेदणारे सरळ रस्ते. त्या रस्त्यांवर दोन प्रकारचे लोक पहाटे पळतात: एक जानेवारीच्या मॅरेथॉनसाठी वर्गणी भरलेले नोकरदार, रंगीत बुटांतले, आणि दुसरी पोलीसभरतीसाठी सोळाशे मीटर घोटणारी पोरे. पहिल्यांकडे सर्व साधने असतात आणि उद्दिष्ट हौसेचे. दुसऱ्यांकडे साधने बेताचीच, पण त्यांच्यापुढे पगाराची जागा असते, आणि जासुदाच्या काळापासून या मुलखात माणूस पळत आला तो बहुतांशी तिच्यासाठी. उद्या त्यांच्यातून कोणी खरा धावपटू निघाला, तर तो या दुसऱ्या रांगेतून निघेल असे मला वाटते.

साबळे यांचेच पाहा. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये ते ८ मिनिटे ११.२० सेकंदांनी दुसरे आले. केनियाच्या विजेत्यापेक्षा सेकंदाच्या फक्त पाच शतांशांनी मागे. २०२३ ला हांगजौच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण घेतले, आणि पॅरिसला ऑलिंपिक अंतिम फेरीत धावले. आईबाप शेतीत आणि वीटभट्टीवर राबणारे. शाळा लांब, तेव्हा जाणेयेणे पायी. बारावीनंतर ते लष्करात शिरले ते धावपटू म्हणून नव्हे, महार रेजिमेंटचे शिपाई म्हणून. सियाचेनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळूत त्यांनी इतरांसारखी चाकरी केली, आणि २०१५ साली, विशीत आल्यावर, लष्करातल्या अंतर्गत क्रॉस-कंट्री शर्यतीत उतरले, तेव्हा त्यांच्या धावेची वेळ कोणी तरी प्रथम नीट मोजून पाहिली.